पशुपक्ष्यांचीं भाकितें आणि पेरणीची वेळ

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत पंक्सुटॉनी नांवाचें एक गांव आहे. तेथें १८८७ सालापासून दर वर्षीं २ फेब्रुवारीस ग्राउंडहॉग नांवाच्या, खारीच्या कुळांतील एका बिळवासी प्राण्यास थंडीचें भाकित विचारतात. त्यास आपली सावली दिसली तर हिंवाळा आणखी सहा आठवडे टिकणार, न दिसली तर लवकर सरणार, असा समज आहे. तेथील हवामान खात्यानें पडताळा पाहिला, तेव्हां अलीकडील वर्षांत हें भाकित निम्म्याहून अधिक वेळां चुकलेलें आढळलें. तरी गर्दी हटत नाहीं!

आपल्याकडे 'होळी जळाली, थंडी पळाली' एवढ्यावरच हिंवाळ्याचा निकाल लागतो. आपणांस वाट पाहावयाची ती उन्हाळा सरण्याची. म्हणून आपण प्राण्यांस पावसाची वार्ता विचारतों. त्यांच्या उत्तरांवर कितपत विसंबावें, हें येथें पाहूं.

टिटवी सापन-बिच्छनच्या कांठीं राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. तिनें नदीच्या पात्रांत अंडीं घातलीं तर पाऊस कमी, उंच जागीं घातलीं तर अधिक; आणि जितकीं अंडीं तितके महिने पाऊस, असें म्हणतात. परंतु टिटवी बहुधा चारच अंडीं घालते, आणि आपला पावसाळाही चारच महिन्यांचा. मग भाकित खरें ठरलें यांत नवल तें काय? कावळ्यानें शेंड्यावर घरटें केलें तर अवर्षण पडतें म्हणतात. पण एकाच शिवारांत एक कावळा शेंड्यावर व दुसरा खालच्या बेचक्यांत घर करतो, तेव्हां कोणाचें ऐकावें?

आतां पंचांगांतील वाहन घेऊं. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून येणाऱ्या संख्येस ९ नें भागतात. बाकी ३ राहिली तर बेडूक, ७ राहिली तर म्हैस, शून्य राहिली तर हत्ती. हीं तिन्ही वाहनें भरपूर पावसाचीं मानितात. या हिशेबांत ना ढग येतो, ना वारा. शिवाय जो हत्ती अचलपुरास, तोच रत्नागिरीस. पाऊस मात्र दोन्हीकडे सारखा नाहीं.

चातकाची गोष्ट निराळी. तो खरोखरच मोसमी वाऱ्यांच्या सुमारास आफ्रिकेकडून येतो. म्हणून तो दिसला म्हणजे पावसाळा जवळ आला, असें म्हणण्यास आधार आहे. बेडूक ओलावा झाला म्हणजे ओरडतो. पंखांची वाळवीही जमीन भिजल्यावर बाहेर पडते. तात्पर्य, प्राण्यांस आजची हवा कळते. पुढील चार महिन्यांची नव्हे.

हा भेद विसरणें महागांत पडतें. शुभ चिन्ह दिसलें म्हणून पहिल्याच सरीवर कपाशी किंवा सोयाबीन पेरावें, पुढें उघाड पडावी, कोंब करपावे आणि दुबार पेरणीसाठीं पुन्हा बियाण्याचे पैसे काढावे, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांस आहे. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करूं नये. काळ्या जमिनींत वरची माती भिजली तरी खालीं कोरडी असूं शकते. ती उकरूनच पाहावी.

वाचकांस आमची एक सूचना आहे. टिटवीचीं अंडीं कोठें व किती, कावळ्याचें घर कोठें, वाहन कोणतें, हें यंदा एका वहींत लिहून ठेवावें. शेजारीं पर्जन्यमापकाचे आंकडे मांडावे, व पावसाळा संपल्यावर ताळा पाहावा. चुकलेलीं भाकितेंही न गाळतां लिहावीं; आपण जुळलेलेंच तेवढें लक्षांत ठेवतों, म्हणून या समजुती टिकून आहेत.

टिटवीस नमस्कार अवश्य करावा. पण तिफण जुंपावी ती मातीस विचारूनच.