जुनी विज्ञान कादंबरी पुढे कशी न्यायची?

जुनी विज्ञान कादंबरी हातात घेतली की पुष्कळ जण म्हणतात, "सर, यात तर मोबाईलही नाही!" मग गोष्टीत मोबाईल टाकला की ती नवी होते का? नाही. यंत्रं जुनी होतात, पण कादंबरीने विचारलेला प्रश्न जुना होत नाही. तो प्रश्न शोधणं म्हणजेच कादंबरी पुढे नेणं. हे कसं होतं, ते तीन उदाहरणांतून पाहू या.

१) नेमो कोण होता?
फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांची चंद्रावर आणि समुद्राखाली जाणारी माणसं भा. रा. भागवत यांनी मराठी मुलांच्या भेटीला आणली. व्हर्नच्या पाणबुडीच्या कादंबरीत (१८७०) कॅप्टन नेमो कोण, कुठला, हे शेवटपर्यंत कळत नाही. उत्तर मिळतं १८७५ सालच्या 'रहस्यमय बेट' या कादंबरीत. नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७ च्या उठावात लढलेला! एक प्रश्न मोकळा राहिला होता, म्हणून पुढची गोष्ट शक्य झाली.

२) कालप्रवासी कुठे गेला?
एच. जी. वेल्स यांच्या 'टाइम मशीन'मधला (१८९५) प्रवासी शेवटी पुन्हा निघतो आणि परतत नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९९५ मध्ये, स्टीफन बॅक्स्टर यांनी त्याचा पुढचा प्रवास लिहिला. तोही वेल्स यांच्या वारसांच्या संमतीने, हे लक्षात ठेवा.

३) आपला वामन
१९७४ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली आणि बक्षीस मिळवलं. पुढे त्यांनी 'वामन परत न आला' ही कादंबरी लिहिली. जमिनीत सापडलेल्या एका प्रगत, लुप्त संस्कृतीच्या ज्ञानातून वामन नावाचा बुद्धिमान यंत्रमानव तयार होतो. यंत्र माणसापेक्षा हुशार झालं तर लगाम कोणाच्या हातात? आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात हा प्रश्न थेट आपल्या दारात आलाय.

आता तो राणीसावरगावात आणा. सोयाबीनवर फवारणी कधी करायची हे यंत्र सांगतंय. आजोबा आभाळाकडे बघून म्हणतात, "आज नको." ऐकायचं कोणाचं? आणि सल्ला चुकून पीक गेलं, तर भरपाई कोण देणार? बघा, गोष्ट सुरू झालीसुद्धा!

लिहिताना लक्षात ठेवा
- आधी मूळ पुस्तक पूर्ण वाचा. नुसता सारांश वाचून चालत नाही.
- मोकळा राहिलेला प्रश्न एका वाक्यात लिहा.
- पात्राचा स्वभाव बदलू नका, काळ बदला.
- वर्गातला सराव वेगळा, छापणं वेगळं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. नारळीकर २०२५ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या कादंबरीचा पुढचा भाग छापायचा तर परवानगी हवी. व्हर्न आणि वेल्स यांची मूळ पुस्तकं मात्र आपल्याकडे आता खुली आहेत.

पुस्तक कपाटात नुसतं जपून ठेवलं की त्याला वाळवी लागते. कोणी वाचून पुढचा प्रश्न विचारला, तरच ते जगतं.

स्वाध्याय : कोणतीही एक जुनी विज्ञानकथा वाचा. तिचा मोकळा प्रश्न लिहा आणि आपल्या गावात घडणारा पुढचा प्रसंग दहा ओळींत लिहून आणा.