सिग्मा म्हणजे काय रे भाऊ?

पालकहो, 'सिग्मा' म्हटलं की तुमच्यापैकी काहींना गणिताच्या वहीतलं बेरजेचं ते नागमोडी चिन्ह आठवेल. कंपनीत काम करणाऱ्यांना 'सिक्स सिग्मा' आठवेल. मुंबईच्या डबेवाल्यांचं कौतुक करताना तो शब्द हमखास निघतोच. तुमच्या घरातल्या मुलाच्या डोक्यात मात्र यातलं काहीच नसतं. मित्राने सिक्स मारला की 'सिग्मा', बाबांनी गॉगल घातला की 'सिग्मा', आणि ऐन मॅचमध्ये लाइट गेले की 'व्हॉट द सिग्मा!' अर्थ विचारलात तर उत्तर ठरलेलं: "जाऊ दे आई, तुला नाही कळणार."

खरं सांगायचं तर बऱ्याचदा तो त्यालाही नीट माहीत नसतो. पण या शब्दाला पूर्वेतिहास आहे, आणि तो आपण पालकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. त्याची सुरुवात होते लांडग्यांपासून.

रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण करून 1947 मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. कुंपणात कोंडलेल्या त्या लांडग्यांमध्ये वरचढ कोण यावरून सतत झटापटी चालत. जिंकणारा तो 'अल्फा', ही कल्पना तिथून रुळली. डेव्हिड मीच या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या 1970 मधल्या पुस्तकाने ती घरोघरी पोचवली. पुढे ती माणसांना चिकटली. पुरुषांचेही दोन गट पडले: हुकूम सोडणारे ते 'अल्फा' आणि मुकाट ऐकणारे ते 'बीटा'.

2010 मध्ये थिओडोर बील या उजव्या विचारांच्या अमेरिकी लेखकाने या उतरंडीत आणखी काही ग्रीक अक्षरं घातली. त्यातलं एक होतं 'सिग्मा'. सिग्मा म्हणजे अल्फाच्या तोडीचा, पण कळपात न राहणारा. एकटा, अबोल, कुणाची पर्वा नसलेला. स्त्रियांविषयी कडवटपणे बोलणाऱ्या पुरुषांच्या वर्तुळात हा शब्द काही वर्षं फिरत राहिला.

2021 च्या सुमारास इंटरनेटवरच्या पोरांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. 'सिग्मा रूल नंबर अमुक' अशा रील्स निघाल्या, त्यावर चेहरा बहुधा 'अमेरिकन सायको'मधल्या पॅट्रिक बेटमनचा. हा बेटमन मूळ कादंबरीत आणि मेरी हॅरन या दिग्दर्शिकेच्या 2000 मधल्या चित्रपटात श्रीमंत, सुटाबुटातला आणि खुनशी आहे. अशा पुरुषी मिजाशीची खिल्ली उडवण्यासाठीच ते पात्र रचलेलं आहे. पण तीस सेकंदांच्या तुकड्यात खिल्ली गळून पडते आणि सूट तेवढा उरतो. थट्टा म्हणून बनवलेल्या रील्स कित्येक मुलांनी आदर्श म्हणून पाहिल्या. त्याच सुमारास हिंदी रील्सही आल्या. 2023 च्या 'अ‍ॅनिमल' चित्रपटात तर नायक नायिकेला अल्फा पुरुषाची महती ऐकवतो.

मग हा शब्द प्राथमिक शाळेत पोचला आणि त्याचा अर्थच विरघळला. 'स्किबिडी' या तशाच निरर्थक शब्दाच्या जोडीने तो आता केवळ एक मजेदार आवाज आहे. तिसरीतलं पोर 'सिग्मा' म्हणतं तेव्हा त्यात कसलीही विचारसरणी नसते. त्यावरून घरात दरबार भरवण्याची काहीच गरज नाही. हवं तर तुम्हीच जेवताना दोनदा 'सिग्मा' म्हणून बघा. आई-बाबांच्या तोंडी गेलेला शब्द मुलं फार दिवस ठेवत नाहीत.

मात्र तोच शब्द नववी-दहावीतल्या मुलाच्या तोंडी आला की जरा कान द्या.

समुपदेशनाच्या कामात भेटलेल्या एका मुलाची गोष्ट सांगते. सगळ्या बाबतीत त्याचं एकच वाक्य, "मला कुणाची गरज नाही, मी सिग्मा आहे." मी त्यावर वाद घातला नाही. डबा कुणाबरोबर खातोस, एवढंच विचारलं. तो बॅगेची चेन उघड-बंद करत राहिला. मग म्हणाला, "आधी आम्ही पाच जण होतो. यंदा तुकड्या बदलल्या. ते चौघं 'ब'मध्ये गेले." नव्या वर्गात तो मधल्या सुट्टीत वहीत काहीतरी लिहीत बसल्याचं सोंग करायचा आणि डबा घरी जाताना रिक्षात संपवायचा. आईला रिकामा डबा दिसत होता, त्यामुळे तिला सगळं आलबेल वाटत होतं.

या शब्दाची खरी ताकद इथे आहे. मित्र नाहीत, हे चौदाव्या वर्षी कबूल करणं फार लाजिरवाणं असतं. 'सिग्मा' ती लाज झाकतो. मला कुणी घेत नाही, याचं रूपांतर 'मीच कुणाला जवळ करत नाही' असं होतं. एकटेपणाला इतका रुबाब दुसरं कुणी देत नसेल तर मूल तो शब्द घट्ट धरणारच. आणि त्या शब्दाच्या मागोमाग रील्समधून पुढची शिकवण येते: मुली सगळ्या पैशालाच भुलतात, भावना दाखवणारा तो कमजोर, घरचे तुला मागे खेचतात. 'अडोलसन्स' ही 2025 मधली ब्रिटिश मालिका पाहिली असेल तर आठवेल: तेरा वर्षांचा मुलगा शाळेतल्या मुलीच्या खुनासाठी पकडला जातो. मुलांच्या कॉमेंट्समधल्या इमोजींचा अर्थ तपास करणाऱ्या पोलिसाला उमगत नाही. अखेर त्याचा स्वतःचाच मुलगा तो समजावून सांगतो. प्रत्येक सिग्मा म्हणणारा मुलगा त्या वाटेवर आहे असं मुळीच नाही. पण मोठ्यांना काहीच ऐकू न येणं, हे मात्र आपल्या घरांतही घडतं.

यात आपलाही हात आहे, रागावू नका. "मुलगा असून रडतोस काय?", "बायकांसारखं काय बोलतोस?", "बाबांना त्रास देऊ नकोस, ते थकून आलेत" ही वाक्यं इंटरनेटच्या आधीपासून आपल्या घरांत आहेत. पुरुषाने गप्प राहावं, एकट्याने सोसावं, हा धडा आपणच गिरवून घेतला. रील्सनी त्याला पाश्चात्त्य सूट आणि पार्श्वसंगीत दिलं.

मग करायचं काय? मोबाइल हिसकावून घेऊ नका. शब्द मोबाइलमध्ये नाही, वर्गात आहे. अर्थाची उलटतपासणीही करू नका. त्याच्या आसपास काय आहे ते बघा. सिग्मा हसत, मित्रांच्या घोळक्यात म्हटलं जातंय, की दार लावून? मुलींचा विषय निघाला की बहिणीशी, वर्गातल्या मुलींशी बोलण्याचा सूर बदललाय का? सुट्टीत कुणाबरोबर असतो, खेळायला कोण बोलावतं, वाढदिवसाला कुणाला बोलवायचं म्हणतो? असे साधे प्रश्न विचारा, आणि तेही समोर बसवून नव्हे. गाडीवर मागे बसलेला मुलगा जितकं बोलतो तितकं सोफ्यावर बसवलेला बोलत नाही. आणि बाबांनो, अधूनमधून तुमचाही फसलेला दिवस त्याला सांगा. ऑफिसात कसं बोलणं खावं लागलं, कुठला मित्र दुरावला याची चुटपुट कशी लागली, हे बापाकडून ऐकलेल्या मुलाला एकटेपणासाठी ग्रीक अक्षर शोधावं लागत नाही.

आणि मुलगा ऐकायच्या मूडमध्ये असेल तर त्याला लांडग्यांची उरलेली गोष्ट जरूर सांगा. डेव्हिड मीच पुढे कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांमागे फिरले. तिथे त्यांना गादीसाठी मारामाऱ्या करणारा अल्फा दिसला नाही. कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब होतं: आई, बाप आणि त्यांची दोन-तीन वर्षांतली पिल्लं. पुढे चालणारे ते दोघं पुढे होते, कारण ते आई-बाप होते. 1999 मध्ये डेव्हिड मीच यांनी तसं लिहिलं, आपल्याच जुन्या पुस्तकाची छपाई थांबवण्यासाठी प्रकाशकाच्या मागे लागले, आणि 2022 मध्ये ती थांबली.

कळपापासून सुटलेला तरुण लांडगाही असतो. पण तो मिजाशीत कायमचा एकटा फिरत नाही. बहुधा जोडीदार आणि नवी जागा शोधायला निघालेला असतो. आपली मुलंही त्याच वयात आहेत. घर सोडून ती त्यांचा कळप शोधायला निघणार, हे ठरलेलंच आहे. तोवर त्यांच्या डब्याला सोबत आहे ना, एवढं आपण पाहू या.