मलम बनविणे सोपे, कसोटीला उतरविणे अवघड

यंत्रमाग, सुतारकाम, वेल्डिंग, खाटिकाचा धंदा... आपल्या बहुतेक व्यवसायांत हात कापणे, खरचटणे, भाजणे हे रोजचेच आहे. त्यामुळे मरहम बनवून विकावा, असा विचार अनेक बांधवांच्या मनात येतो. विचार चांगला आहे. परंतु आम्ही कापडवाले रंग पक्का आहे असे गिऱ्हाइकाला सांगण्यापूर्वी तुकडा धुऊन पाहतो. मलमाचीही अशीच परीक्षा असते.

मलमात दोन गोष्टी असतात. एक औषध आणि दुसरा त्याचा आधार. आधार म्हणजे आमच्या भाषेत कापड, औषध म्हणजे रंग. साधा तेलकट आधार ९५ भाग पांढरे व्हॅसलीन व ५ भाग मेण एकत्र वितळवून होतो. पाण्याने धुतला जाणारा आधार हवा असल्यास मॅक्रोगॉल वापरतात: ६० भाग पातळ मॅक्रोगॉल ४०० आणि ४० भाग घट्ट मॅक्रोगॉल ३३५०. औषधाची पूड अतिशय बारीक करून थोड्या आधारात घोटावी, मग उरलेला आधार हळूहळू मिसळावा. खडे राहिले तर एका डबीत औषध जास्त, दुसरीत कमी, अशी गत होते.

आता परीक्षा. जखमेत पू करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि भाजलेल्या जखमेत हिरवट पू आणणारा स्यूडोमोनास हे दोन जंतू तपासणीत हमखास घेतात. काचेच्या बशीत अगार नावाचा जेलीसारखा थर ओततात. त्यावर जंतू सारखे पसरतात, छोटे खड्डे पाडून त्यांत मलम भरतात आणि सुमारे ३७ अंशांवर १८ ते २४ तास ठेवतात. औषध लागू पडले तर खड्ड्याभोवती जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसते. ते मिलिमीटरमध्ये मोजतात.

येथेच पुष्कळांची फसगत होते. एका खड्ड्यात औषधाविना नुसता आधार आणि एका खड्ड्यात नावाजलेले औषध भरलेच पाहिजे. नुसत्या आधारानेही वर्तुळ दिले, तर श्रेय औषधाचे कसे? वनस्पतीचा अर्क काढताना वापरलेले अल्कोहोल शिल्लक राहिले, तरी खोटे वर्तुळ उमटते. उलट, व्हॅसलीनमधले औषध पाणीदार अगारमध्ये सहज उतरत नाही. हळदीतले कर्क्युमिन तर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून लहान वर्तुळ म्हणजे औषध निकामी, असेही म्हणता येत नाही. मोठे वर्तुळ दिसले तरी जंतू मेले की नुसते थांबले, हे वेगळे तपासावे लागते. त्वचेला आग होते का, हेही वेगळेच. एकदा केलेली परीक्षा पुरेशी नाही. निदान तीनदा तोच निकाल यावा.

हे काम घरात मुळीच करू नये. ते जंतू घरच्यांनाच बाधतील. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे नमुना द्यावा. तपासणीसाठी लागणारे प्रमाणित जंतू चंदीगडच्या एमटीसीसी, पुण्याच्या एनसीआयएम अशा सरकारी संग्रहांतून प्रयोगशाळांना मिळतात. माल टिकतो का, हे पाहण्यासाठी तो ४० अंश उष्णता व ७५ टक्के दमटपणात ६ महिने ठेवण्याची पद्धत आहे.

कायदाही ध्यानात असू द्यावा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० प्रमाणे विक्रीसाठी मलम बनवायला परवाना लागतो. युनानी व आयुर्वेदिक मलमही त्यातून सुटत नाही. १९५४ च्या कायद्याने मधुमेह, कर्करोग यांसारखे ठराविक रोग बरे करण्याची जाहिरात करण्यासही बंदी आहे.

कच्च्या रंगाचे कापड निघाले तर गिऱ्हाईक परत येते आणि पैसे मागते. कच्च्या मलमाने एखाद्या विणकराचे बोट गेले, तर ते कोणत्या गल्ल्यातून भरून देणार? म्हणून आधी तपासणी, मग परवाना, आणि शेवटी दुकानाची पाटी. हा क्रम मोडू नये.