डिसेंबरात आलेले कंद

पैसे ऑगस्टमध्ये घ्यायचे, ‘शरद ऋतूत घरपोच’ एवढंच मोघम छापायचं आणि खोकं पाठवायचं नाताळच्या आठवड्यात. विचारलं तर उत्तर तयार: डिसेंबरात लावलेत तरी चालतात! इंग्लंडमधल्या एका ऑनलाइन रोपवाटिकेचा हा खाक्या रेडिंगला राहणाऱ्या प्रस्तुत लेखिकेने पुरेपूर भोगला आहे.

त्या उत्तरात निम्मं तथ्य होतं, म्हणून ते जास्त डाचतं. खोक्यात ट्यूलिपही होते आणि डॅफोडिलही. ट्यूलिप तिथे मुद्दामच नोव्हेंबरात लावतात. माती गार झाली की ‘ट्यूलिप फायर’ या बुरशीचा धोका कमी होतो. जमीन गोठलेली नसेल तर डिसेंबरही त्यांना चालून जातो. डॅफोडिलचं तसं नाही. त्याला सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओल्या, किंचित उबदार मातीत मुळं धरायची असतात. तेवढे महिने तो कोरडा पडून राहिला की सुकत जातो आणि पुढे नुसती पानं काढतो.

तसंच झालं. शेजारच्या अंगणात पिवळा बहर, इथे हिरवं गवत. पानं बाजूला सारून पाहिलं. एकही कळी नाही. तक्रार केल्यावर रोपवाटिकेचं उत्तर आलं: ‘तुम्ही कंद उशिरा लावलेत.’ डिसेंबरात चालतात म्हणणारे हेच! तो आधीचा ईमेल त्यांना परत पाठवला, तेव्हा म्हणाले, तो ‘सर्वसाधारण सल्ला’ होता.

खरी मेख पुढेच आहे. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यात सदोष माल परत करून पूर्ण पैसे मागायला एरवी 30 दिवस मिळतात. कंदाचं खरं रूप कळायला मार्च उजाडावा लागतो.

म्हणून खोकं आलं त्याच दिवशी उघडा. प्रत्येक कंद बोटांनी दाबून पाहा: टणक आणि जड हवा. मऊ, पोकळ किंवा बुरशीने माखलेला असेल तर फोटो काढून लगेच कळवा. मागणी नोंदवतानाच पोचवण्याची तारीख लेखी घ्या. डॅफोडिल ऑक्टोबरअखेर हातात पडणार नसतील, तर घेऊच नका. विश्वासू दुकान निवडा, हे तर सगळेच सांगतात. ते ओळखायचं कसं, हे कुणी सांगत नाही.

उशिरा आलेच, तर पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, लगेच लावा. कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल. जमीन गोठली असेल तर कुंडीत लावून कुंडी बाहेरच ठेवा, कारण ट्यूलिपला थंडीचे साधारण 12 ते 16 आठवडे लागतात. लावेपर्यंत कंद फ्रिजमध्ये ठेवलेच, तर सफरचंदांपासून लांब. त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. फूल आलं नाही म्हणून चिडून डॅफोडिलची पानं कापू नका. ती आपोआप पिवळी पडेपर्यंत कंदात अन्न साठतं आणि पुढच्या वर्षी फुलाची आशा राहते.

मे महिन्यात त्याच रोपवाटिकेने ‘तुमची बाग कशी बहरली?’ म्हणून अभिप्राय मागितला. प्रस्तुत लेखिकेने एक तारा देऊन नुसत्या पानांचा फोटो जोडला. तो अभिप्राय त्यांच्या पानावर अजून झळकलेला नाही.