‘हप्ता भाड्यातून निघेल’ म्हणताय? आधी वही घ्या

व्हिडिओतला हिशोब लिहून द्या, अशी तुमची मागणी होती. घ्या.

समजा फ्लॅट 40 लाखांचा, भाडं महिना 12,000. एजंट सांगणार, वर्षाला 1,44,000 सुटतात. आता वजाबाकी करा. सोसायटीचा मेंटेनन्स 24,000. घरपट्टी 6,000. भाडेकरू बदलताना रिकामा गेलेला एक महिना 12,000. रंग, नळ, किरकोळ दुरुस्ती 8,000. हातात राहिले 94,000, म्हणजे 40 लाखांवर 2.35 टक्के! घेतानाची स्टॅम्प ड्युटी तर अजून धरलीच नाही.

आणि कर्ज काढून घेतलात तर? 32 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, साडेआठ टक्के: हप्ता 27,700 च्या पुढे. भाडं 12,000. मधला फरक कुठून येणार? दुकानात माल भरायच्या पैशातूनच ना! धंदा नवीन असेल तर माझं स्पष्ट मत, एवढ्यात हा नाद नको.

रोखीने घेतलात तरी करार नीट करा. 11 महिन्यांचा नोटरी करार चालतो, हा गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसताना वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरतात, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. नोंदणी आता ऑनलाइन होते, घरबसल्या. आळस करू नका.