आकाशाचें चित्र आणि मनन

वाचन : स्तोत्रसंहिता १९ व ६९, लूक १२ : ५४–५६.

बदलापुराजवळील बेलवली येथें ज्येष्ठ सरतांना जो आकाशाकडे पाहतो, तो बहुधा कांहीं विचारण्यासाठीं पाहतो : पाऊस कधीं येणार? पाणी किती चढणार? लूककृत शुभवर्तमानांतील लोकांसही पश्चिमेकडील ढगाचा अर्थ ठाऊक होता. प्रभूनें त्या ज्ञानास दोष दिला नाहीं. तेवढ्यावरच थांबणाऱ्या दृष्टीस दिला. आकाश पाहण्याची आणखी एक रीत चित्रकारापासून शिकतां येते. आजच्या पाठांत तिचा विचार करूं.

१. थांबून पाहणें. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यु १९३१) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकले व पुढें शाहू महाराजांच्या आश्रयास होते. कोटितीर्थ तळ्याचा परिसर त्यांनीं निरनिराळ्या वेळच्या प्रकाशांत रंगविला. इंग्लंडांत जॉन कॉन्स्टेबल यांनीं १८२१ व १८२२ सालीं हॅम्पस्टेड येथें केवळ आकाशाचीं अनेक चित्रें काढिलीं, व कित्येकांच्या मागील बाजूस दिवस, वेळ आणि वारा यांची नोंद केली. जागा तीच, पण प्रकाश प्रत्येक घटकेस निराळा. ढग कोणासाठीं थांबत नाहीं. कुंचला रंगांत बुडवून कागदाला लावीपर्यंत त्याचा आकार पालटतो. म्हणून आकाश रंगविणाऱ्यास आधीं हात थांबवून पुष्कळ वेळ पाहावें लागतें. आपली प्रार्थना मात्र बहुधा बोलण्यानेंच सुरू होते.

२. हात आवरणें. पारदर्शक जलरंगांत ढगाचा पांढरेपणा रंगाचा नसतो, कागदाचा असतो. निळा रंग माथ्यावर गडद व क्षितिजाकडे फिका होत उतरवितांना ढगाची जागा कोरी सोडावी लागते. चित्रांतील सर्वांत उजळ जागा तीच, जिला चित्रकाराचा हात लागला नाहीं. ती एकदां माखली म्हणजे कितीही धुतली तरी पहिली शुभ्रता परत येत नाहीं. दुःखिताच्या घरीं जाऊन आपण उपदेशाची घाई करितों, तेव्हां अशीच एक जागा माखून टाकितों. तेथें उजेड पाडणें आपलें काम नव्हे. आलेल्या उजेडास वाट ठेवणें एवढेंच आपलें काम आहे.

३. काळा ढग न वगळणें. २६ जुलै २००५ ची अतिवृष्टि या भागांतील लोक विसरले नाहींत. २०१९ च्या जुलैंत बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यांत अडकली, व २७ तारखेस सुमारें १,००० प्रवाशांची सुटका करावी लागली. ज्याच्या घरांत पाणी शिरलें, त्यास आकाशाची शोभा सांगणें निर्दयपणाचें होय. प्रामाणिक चित्रकार चित्र गोड व्हावें म्हणून काळा ढग पुसत नाहीं. शास्त्रही तसेंच आहे : ज्या स्तोत्रसंहितेंत आकाश देवाचा महिमा गातें, तिच्यांतच गळ्यापर्यंत पाण्यांत बुडालेला मनुष्य देवास हांक मारितो. दोन्हीं स्तोत्रें एकाच मंडळीनें गावयाचीं आहेत.

तरी एक भेद ध्यानांत ठेवावा. पुरांत अडकलेल्यांकडे लोक होड्या घेऊन गेले. कोणी हात आवरून बसले नाहींत. आकाशापुढें हात आवरावा, शेजाऱ्याच्या संकटांत तो पुढें करावा. ज्यास पहिलें साधतें, त्यास हात कोठें पोंचवावा हें अधिक नीट दिसतें.

अभ्यास : या आठवड्यांत तीन सायंकाळीं एकाच जागेवरून आकाश पाहा. मुलांस कागद व निळा रंग द्या. पांढरा देऊं नका. कागदामागें वार, वेळ व वारा लिहा.

प्रश्न : (१) आपण आकाशाकडे कांहीं न मागतां शेवटचें केव्हां पाहिलें? (२) कोणाच्या दुःखांत आपल्या शब्दांनीं कोरी जागा उरली नाहीं? (३) आपल्या गांवांत पुढील पावसाळ्यापूर्वीं कोणाच्या छपरास आपला हात लागला पाहिजे?