शेगडीपुढील काचेची दारे आणि जाळ्या

थंड प्रदेशांतील घरांत दिवाणखान्याच्या भिंतीमध्येच एक कोनाडेवजा शेगडी बांधलेली असते आणि तिचा धूर वर नेण्यासाठी त्याच भिंतीतून धुराडे काढलेले असते. इंग्लंड-अमेरिकेत तिला फायरप्लेस म्हणतात. आपल्याकडे सिमला, मसुरी, दार्जिलिंग येथील जुन्या बंगल्यांतून ती पाहावयास मिळते. ह्या शेगडीच्या तोंडाशी काचेची दारे व तारेची जाळी बसविण्याची रीत अमेरिकेत विशेष रूढ आहे. प्रत्येक शेगडीचे तोंड निराळे, म्हणून ही दारे पुष्कळदा मापाबरहुकूम करवून घ्यावी लागतात. करवून घेणारा बहुधा प्रथम चौकटीचा रंग आणि नक्षी पाहतो. खरे म्हणजे त्याने आधी ठरवावयास हवे ते हे, की दार कोणत्या वेळी मिटावयाचे आणि कोणत्या वेळी उघडे ठेवावयाचे. काचेची निवड ह्या उत्तरावर अवलंबून असते.

उघड्या शेगडीत लाकडे पेटली, की तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यातून वर जाते. तिची जागा खोलीतील हवा घेते, आणि खोलीतील हवेची जागा घेण्यास दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत शिरते. लाकडातील उष्णतेपैकी खोलीच्या वाट्यास येते ती साधारणपणे १० ते १५ टक्के. बाकीची आकाशात जाते. काउंट रम्फर्ड ह्या शास्त्रज्ञाने १७९६ साली ह्या विषयावर निबंध लिहून शेगडी उथळ करावी, तिच्या बाजू तिरक्या ठेवाव्या आणि धुराड्याचा गळा अरुंद करावा, असे सुचविले. त्यामुळे शेगडी बरीच सुधारली, तरी तोंड उघडे ते उघडेच राहिले.

मग काचेचे दार लावून ते मिटले, की ऊब वाढेल काय? येथे पुष्कळांची समजूत चुकते. उघड्या शेगडीची ऊब खोलीत येते ती मुख्यतः प्रारणाने. सुमारे ७००° सेल्सियस तापलेल्या निखाऱ्यांचे प्रारण ३ मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबीवर सर्वांत तीव्र असते. साधी काच डोळ्यांना दिसणारा प्रकाश सुखाने जाऊ देते, पण अडीच-पावणेतीन मायक्रॉनपलीकडील अवरक्त किरणांना ती अडवू लागते आणि साडेचार-पाचच्या पुढे जवळजवळ भिंतच होते. म्हणून ज्वाळा स्पष्ट दिसतात, पण उबेचा मोठा भाग काचेतच अडकतो. काच तापून त्यातील काही उष्णता खोलीकडे देते, तितकीच परत शेगडीकडेही देते. सारांश, जाळ भरात असताना साधे दार मिटल्याने ऊब वाढत नाही, उलट काच मात्र धोक्यात येते.

ह्या दाराचे खरे काम रात्री सुरू होते. जाळ ओसरला, घरची माणसे निजावयास गेली, निखारे मात्र अजून धुमसत आहेत, अशी वेळ घ्या. धुराड्यातील झडप बंद करावी तर निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचेल. ह्या वायूस ना रंग ना वास. निजलेल्या माणसास तो जागे होण्याची सवडही देत नाही. झडप उघडी ठेवावी तर खोलीतील ऊबदार हवा रात्रभर वर जात राहील. ह्या पेचातून दार सोडविते. झडप उघडीच ठेवावयाची आणि काचेचे दार मिटावयाचे. वायू वर जातो, खोलीतील हवेची गळती पुष्कळ कमी होते. दार लावले म्हणून झडप बंद करण्यास हरकत नाही, असे कोणी सांगितल्यास ते मुळीच मानू नये. ही दारे हवाबंद नसतात.

आता काचेविषयी. नित्याच्या दारांत बाजारात जिला टफन्ड म्हणतात ती काच असते. काच ६००° हून अधिक तापवून हवेच्या झोतांनी एकदम निववितात, त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली राहतो व ती बळकट होते. फुटलीच तर बारीक खड्यांसारखे तुकडे होतात. परंतु सुमारे २५०° च्या वर ती दीर्घकाळ ठेवू नये. जाळ असताना दार उघडे व जाळी ओढलेली, ही शिस्त पाळणाऱ्यास ही काच पुरेशी आहे.

जाळ पेटलेला असतानाच दार मिटावयाचे असेल, म्हणजे त्यासाठीच घडविलेली बंद शेगडी असेल, तर ग्लास-सिरॅमिक हवे. ह्याचा शोध मौजेचा आहे. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५३ साली डोनाल्ड स्टूकी ह्यांना काचेचा एक तुकडा ६००° पर्यंत तापवावयाचा होता. भट्टी बिघडून ९००° वर गेली. काच वितळून वाहिली असेल असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात ती पांढरी होऊन तशीच उभी होती, आणि चिमट्यातून निसटून खाली पडली तरी फुटली नाही. काचेत असंख्य सूक्ष्म स्फटिक वाढले होते. पुढे ह्याच मार्गाने पारदर्शक प्रकारही तयार झाले. त्यांतील स्फटिक प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान असतात. ते तापल्यावर किंचित आकुंचन पावतात, भोवतीची काच प्रसरण पावते, आणि एकंदर प्रसरण जवळजवळ शून्य होते. एक मीटर लांबीची साधी काच १००° नी तापविली तर सुमारे ०.९ मिलिमीटर वाढते. ग्लास-सिरॅमिक अशी वाढत नाही, म्हणून ७००° पर्यंतही ती तडकत नाही. किंमत अर्थातच पुष्कळ अधिक.

चौकट मात्र वाढतेच. एक मीटर पोलाद २००° नी तापले तर सुमारे २.४ मिलिमीटर लांबते, ॲल्युमिनियम त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून काच चौकटीत घट्ट आवळू नये. तिला थोडी मोकळीक व कडेने उष्णतारोधक दोरी असावी. माप घेताना रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीनदा, उंची दोन्ही बाजूंस मोजावी. दगडी वा जुन्या विटांच्या तोंडात ही मापे क्वचितच जुळतात. दार आत बसवावयाचे तर सर्वांत लहान माप धरावे. कमान असल्यास पुठ्ठ्याचा साचा कापून कारागिराकडे द्यावा. कारखान्यात बनविलेल्या पत्र्याच्या शेगडीस गवंडीकामाच्या शेगडीचे दार कदापि लावू नये. तिच्याभोवती थंड हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या फटी अशा दाराने बुजतात व मागचे लाकूडकाम तापते. तिच्या उत्पादकाने मान्य केलेलेच दार घ्यावे.

जाळीचे काम ठिणग्या अडविण्याचे. चीड, देवदार अशा राळयुक्त लाकडांतील राळ व ओल एकदम वायुरूप होऊन तडतडते आणि ठिणगी गालिच्यापर्यंत उडते. घरात लहान मुले असतील तर जाळीचे दुसरे कामही तितकेच मोलाचे. वायूवर चालणाऱ्या शेगड्यांची पक्की बसविलेली काच २००° हूनही अधिक तापू शकते आणि ज्योत मालविल्यावरही बराच वेळ गरम राहते. नुकते चालावयास लागलेले मूल तोल सावरण्यासाठी नेमके तिच्यावरच दोन्ही तळवे टेकते. असे अपघात घडल्यामुळे अमेरिकेतील मानकांनी २०१५ पासून नियम केला, की ज्या वायुशेगडीची काच सुमारे ७८° च्या वर तापू शकते तिच्याबरोबर उत्पादकाने संरक्षक जाळी दिलीच पाहिजे. त्यापूर्वीच्या शेगड्या अनेक घरांत तशाच आहेत. तेथे काचेपासून अंतरावर उभी राहणारी व भिंतीस अडकविता येणारी जाळी घ्यावी.

काचेवर धरणारी काजळी काढण्यास महाग द्रव्ये लागत नाहीत. काच पूर्ण निवल्यावर ओलसर कागद चाळलेल्या पांढऱ्या राखेत बुडवून हलकेच पुसावे. राखेतील पोटॅशियम कार्बोनेट हा अल्कधर्मी क्षार डांबरट थर सैल करतो.